बिरसीची धावपट्टी आणि आपला वाटा

मागच्या उन्हाळ्यात गोंदिया तालुक्यातील एका गावी, विहारात, आम्ही दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी मार्गदर्शन शिबिर ठेवले होते. शिबिर म्हणजे काय, चटया, एक फळा, पाण्याचा रांजण आणि आम्ही चार कार्यकर्ते. स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, नर्सिंग, आयटीआय, नेहमीचे सगळे सांगून झाले. तेवढ्यात डोक्यावरून बिरसीचे शिकाऊ विमान घुंघुं करत गेले. आमच्या भागातल्या पोरांना त्याचे काहीच अप्रूप राहिलेले नाही, दिवसातून अनेकदा जाते. पण त्या दिवशी मागे बसलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "दादा, हे इमान शिकाले किती पैसे लागत असतीन?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. आणि नंतर घरी येताना लाज वाटली. कारण त्याने विचारलेला प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ज्या गावात तो राहतो तिथून विमानतळ सायकलच्या अंतरावर आहे. त्या विमानतळावर देशभरातून मुले येऊन वैमानिक होऊन जातात. त्याच्या गावातला एकही नाही. हे असे का, हे त्याने विचारले नाही, त्याने फक्त किंमत विचारली. पण किमतीचे उत्तर शोधायला बसलो तर इतिहासच उपसावा लागतो. म्हणून हा लेख.

बिरसीचा विमानतळ कोणा मंत्र्याने आणला असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. मूळ धावपट्टी १९४० ची, इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता (तो १ मे १९९९ ला झाला), आपण मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होतो. बिरसीच्या शेजारचे कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठिकाण. मालगुजारीचा काळ, जमीन मोजक्यांच्या नावावर आणि बाकीचे कुळ, मजूर, कोतवाल. आपल्या लोकांची गत काय होती हे वेगळे सांगायला नको. महारवाड्यात हातमाग होते, गिरणीच्या कापडाने ते बसवले होते. अशा मुलखात एके दिवशी माळरान सपाट करून मुरूम दाबून धावपट्टी काढली गेली. तिच्यासाठी माती कोणी वाहिली त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत.

आता याच काळात दिल्लीत काय चालले होते ते पाहा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मजूर खाते म्हटले की आपण कामगार कायदे एवढेच समजतो. प्रत्यक्षात त्या खात्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हणजे सीपीडब्ल्यूडीसुद्धा होता. आणि युद्धकाळात देशात जागोजागी जे विमानतळ बांधले जात होते त्यात या विभागाचा मोठा हात होता. म्हणजे या देशात धावपट्ट्या बांधण्याचे काम ज्या खात्याकडे होते त्या खात्याच्या खुर्चीवर एक महार माणूस बसला होता! (बिरसीची धावपट्टी त्याआधीची आहे, तिचे श्रेय बाबासाहेबांना देण्याचा आमचा हेतू नाही. भाबडेपणाने इतिहास लिहायचा नसतो.)

मुद्दा वेगळा आहे. खुर्चीवर बसल्यावर तीन-साडेतीन महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ ला, बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक मोठे निवेदन दिले. हे निवेदन आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलेच पाहिजे. त्यात राजकीय गाऱ्हाणी आहेत, नोकऱ्यांची आहेत, शिक्षणाची आहेत आणि एक भाग सरकारी कंत्राटांचाही आहे. ज्या सीपीडब्ल्यूडीचे ते मंत्री होते त्याच्याच कंत्राटदारांत आपला माणूस नाही, ही तक्रार त्यांनी स्वतः सरकारमध्ये बसून सरकारकडे केली. युद्धाचा पैसा पाण्यासारखा वाहतो आहे, धावपट्ट्या, बराकी, कारखाने उभे राहताहेत, आणि त्यात अस्पृश्याच्या वाट्याला येते ती फक्त पाटी आणि घमेले. हे त्यांनी १९४२ ला ओळखले होते.

शिक्षणाचा भाग तर आज वाचताना अंगावर येतो. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित. पण ते म्हणतात की नुसत्या कला शाखेच्या आणि कायद्याच्या पदव्यांनी आमच्या समाजाचे भागणार नाही. विज्ञानाचे आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण पाहिजे, ते महाग आहे, आमच्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून त्याचा खर्च सरकारने उचलावा, देशातही आणि परदेशातही. हे नुसते म्हणून ते थांबले नाहीत. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या आणि १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो, जिचा फॉर्म भरायला तुम्ही-आम्ही महाडीबीटीच्या साइटवर रात्र-रात्र बसतो, तिची मुळे तिथे आहेत.

आणि याच शिष्यवृत्तीत विमान आहे. होय, आमच्यापैकीही बहुतेकांना हे माहीत नव्हते. २०१० च्या केंद्राच्या नियमावलीत पहिल्या गटात, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीबरोबर, व्यावसायिक वैमानिक परवाना म्हणजे सीपीएलचा अभ्यासक्रम दिलेला आहे. त्या मुलाला त्या दिवशी हे सांगता आले असते तर!

पण थांबा, पुढचे वाचा. संपूर्ण देशातल्या अनुसूचित जातींसाठी वर्षाला जागा २०. आणि मदत किती? उड्डाणाच्या एका तासाला ५,००० रुपये, २०० तासांपर्यंत. बेरीज करा, दहा लाख. सीपीएलला २०० तासच लागतात. पण आज साध्या प्रशिक्षण संस्थेत त्या २०० तासांचा खर्च पन्नास लाखांच्या आगेमागे जातो, वर राहणे-खाणे, परीक्षा, वैद्यकीय तपासणी, आणि नंतर मोठ्या विमानाचे टाइप रेटिंग वेगळे. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हा आकडा कोटीच्या घरात आहे. शिष्यवृत्तीला बापाच्या उत्पन्नाची अट वर्षाला दोन लाख, पुढे अडीच लाख. म्हणजे ज्याचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्याला सरकार दहा लाख देणार आणि उरलेले चाळीस लाख त्याने स्वतः उभे करायचे. कुठून? धानाच्या दोन एकरांतून? बँकेत जाऊन तारण काय ठेवणार, घरकुल?

अशी योजना कागदावर असली की सरकारला सांगता येते की संधी दिली होती, घेणारेच नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही बहिष्करण हा शब्द शंभर वेळा लिहिला. पण बहिष्करण नेहमी दारावर पहारेकरी बसवून होत नसते. कधी कधी दार उघडे ठेवतात आणि पायऱ्या काढून घेतात.

पुन्हा इतिहासाकडे येऊ. भारतातली विमानवाहतूक टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराची-मुंबई टपाल नेऊन सुरू केली, हे शाळेत शिकवतात. काही शाळांत त्याच्याही आधी १८९५ ला चौपाटीवर उडालेले विमान आणि पुराणातले पुष्पक शिकवतात. त्या वैमानिक शास्त्र नावाच्या पोथीची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासणी केली आणि त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष काढला, हे मात्र कोणी शिकवत नाही. असो. १९५३ मध्ये संसदेने हवाई महामंडळांचा कायदा केला, खासगी विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स अशी दोन सरकारी महामंडळे झाली. तेव्हा दळणवळणमंत्री कोण होते? बाबू जगजीवन राम. आपले त्यांच्याशी राजकीय मतभेद जगजाहीर आहेत आणि आम्ही ते पुसून टाकणार नाही. पण देशातली विमाने सरकारच्या मालकीची झाली तेव्हा त्या खात्यावर एक चर्मकार समाजाचा माणूस होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण विमाने सरकारी झाली म्हणूनच पुढे सत्तरच्या दशकात सार्वजनिक उपक्रमांना आरक्षणाचे नियम लागू झाले तेव्हा ते विमान कंपन्यांनाही लागू झाले. आपल्यातले जे काही थोडे लोक पुढे एअर इंडियात तंत्रज्ञ, अधिकारी, केबिन क्रू म्हणून दिसू लागले ते या वाटेने आले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५४ ला, बाबासाहेब आपल्या भंडारा जिल्ह्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. आजचा गोंदिया तेव्हा याच जिल्ह्यात. काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांना सुमारे आठ हजार मतांनी हरवले. आमच्या आजोबांच्या पिढीला ही जखम जन्मभर पुरली. गावोगाव अजून सांगतात, बाबासाहेबांना पाडणारा जिल्हा म्हणून आपले नाव लागले. बिरसीची धावपट्टी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि जवळजवळ निकामी पडलेली होती. युद्ध संपले, तिचे काम संपले.

दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेब माईसाहेब आणि रत्तूंबरोबर विमानानेच नागपूरला आले, दीक्षेसाठी. सोनेगावचा तो विमानतळ त्या काळी देशात प्रसिद्ध होता. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारही ठिकाणांहून रात्रीची टपाल विमाने तिथे मध्यरात्री एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत जात. आणि ६ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून मुंबईला नेले तेही विमानानेच. आपल्या घरांत विमान या शब्दाशी जी पहिली आठवण जोडलेली आहे ती ही आहे. २००५ मध्ये नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव मिळाले तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते.

बिरसीची पट्टी त्यानंतर अनेक वर्षे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे पडून होती. ऑगस्ट १९९८ ते डिसेंबर २००५ ती एमआयडीसीकडे होती, नंतर ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. २००४ ते २०११ आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री होते, आणि तेव्हा बिरसीचा कायापालट झाला. धावपट्टी मोठी झाली, इमारत झाली. २००८ मध्ये प्राधिकरण आणि सीएई ही कॅनडाची कंपनी यांची भागीदारी होऊन राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था इथे आली. पुढे रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीसुद्धा आपली विमाने इथे आणू लागली, उत्तरेतल्या धुक्यापेक्षा इथले आभाळ मोकळे म्हणून. जिल्ह्यात असे काही आले ते चांगलेच झाले. विकासाला आमचा विरोध नाही आणि मंत्र्यावर उगाच टीका करायची म्हणून हा लेख नाही.

मात्र त्याच मंत्रिपदाच्या काळात दिल्ली आणि मुंबई ही देशातली दोन सर्वांत मोठी विमानतळे खासगी कंपन्यांकडे गेली (२००६), एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचे विलीनीकरण झाले (२००७), आणि एअर इंडियाच्या १११ विमानांच्या खरेदीवर २०११ मध्ये कॅगने कडक ताशेरे ओढले. कर्जाच्या ओझ्याने ती कंपनी पुढे सावरलीच नाही. एका हाताने गोंदियाला विमानतळ मिळत होता, आणि त्याच वर्षांत ज्या सरकारी विमानवाहतुकीत गोंदियाच्या मुलाला आरक्षणाने जागा मिळू शकली असती तीच खिळखिळी होत होती. कोणा एका माणसाचा हा दोष नाही. १९९१ नंतर सर्व पक्षांची दिशा एकच आहे.

प्रशिक्षण चालू झाले. आमच्या आभाळात दिवसभर विमाने. अपघातही झाले. २६ एप्रिल २०१७ ला शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रात कोसळून प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी दोघेही गेले. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेले विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात डोंगरात कोसळले, तेव्हाही प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी. कोणाच्याही लेकी असोत, अशा बातमीने मन सुन्न होते. एवढेच नोंदवतो.

मग आले उडान. ऑक्टोबर २०१६ मध्ये योजना जाहीर झाली, हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसेल अशी घोषणा झाली. १३ मार्च २०२२ ला फ्लायबिग कंपनीचे इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू झाले. ढोल वाजले, बॅनर लागले. काही महिन्यांत ते बंद पडले. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदिया-हैदराबाद-तिरुपती सेवा सुरू केली. उडानचा देशपातळीवरचा हिशेब कॅगने २०२३ मध्ये मांडला आहे. पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातले फक्त ११२ तीन वर्षे टिकले. सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले ५४. सवलत कोणाच्या पैशातून गेली ते सांगायला नको.

हैदराबादला आपल्या पूर्व विदर्भातून माणसे विमान यायच्या कितीतरी आधीपासून जातात. बांधकामावर जातात, तेलंगणात मिरची तोडायला जातात. डोक्यावर गाठोडे, सोबत लेकरे, जनरलचा डबा. आमचा प्रश्न त्यांना विमानाचे तिकीट मिळाले का हा नाही. रेल्वेचे दोन जास्तीचे डबे लागले असते तर त्यांची सोय झाली असती.

आता बिरसी गावाबद्दल. विमानतळ मोठा करताना गावची जमीन गेली आणि शंभरावर कुटुंबांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. लोकांनी उपोषणे केली, मोर्चे काढले, स्थानिकांना काम द्या म्हणून गेटवर बसले. या लढ्याला जिल्ह्याबाहेर कोणी विचारले नाही. नवी मुंबईत मात्र चित्र वेगळे दिसते. १९८४ च्या जासईच्या लढ्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला, आणि विमानतळाच्या वेळी दहा गावांच्या विस्थापितांनी भांडून तो साडेबावीस टक्क्यांपर्यंत नेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच्याशी दि. बा. पाटलांचे नाव जोडलेले आहे, कारण आगरी-कोळी समाज एकजुटीने उभा राहिला. पण एक प्रश्न तिथेही आणि इथेही तोच. साडेबावीस टक्के कशाचे? जमिनीचे. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, जो त्याच जमिनीवर पिढ्यानपिढ्या मजुरी करत आला, त्याचे विस्थापन कोणत्या टक्क्यात मोजतात? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात भूमिहीन मजूर प्रकल्पबाधित म्हणून धरले आहेत. गावपातळीवर मात्र यादी करणाऱ्या तलाठ्याच्या वहीत त्यांचा कॉलमच नसतो, हा आमच्या कामातला अनुभव आहे.

आता आज काय चालले आहे ते पाहू, कारण इतिहास तिथे येऊन ठेपतो. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, १८,००० कोटींच्या व्यवहारात, त्यात रोख २,७०० कोटी, बाकी कर्ज. सुमारे बारा हजार कर्मचारी होते. त्यांना एक वर्ष काढणार नाही अशी अट होती. आरक्षणाबद्दल? खासगी कंपनीला आरक्षण लागू नाही, विषय संपला. १९५३ ला जे दार उघडले होते ते एका सहीने बंद झाले आणि आपल्या एकाही मोठ्या नेत्याने त्यावर रस्त्यावर उतरल्याचे आम्हाला आठवत नाही. २०१९ मध्ये सहा विमानतळे एकाच उद्योगसमूहाने बोलीत जिंकली. नागपूर विमानतळ खासगी कंपनीला चालवायला देण्याचा करार २०२४ मध्ये झाला. म्हणजे पाटीवर नाव बाबासाहेबांचे आणि आत नोकरभरतीत बाबासाहेबांनी दिलेला अधिकार नाही. नाव बदलले की पेढे वाटणाऱ्या आम्हा सगळ्यांनी याचा विचार करायला हवा. नामांतराची लढाई आपण जीव देऊन लढलो, पण नावाच्या आत काय आहे हे पाहायला विसरलो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. अहो, विमान उडवायचे काम आहे, तीनशे माणसांचा जीव असतो, तिथे गुणवत्ता पाहिजे, तिथे तरी आरक्षण आणू नका. सोशल मीडियावर प्रत्येक अपघातानंतर हे येते, १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतरही आले. याला उत्तर सोपे आहे. वैमानिकाचा परवाना डीजीसीए देते. लेखी परीक्षा सर्वांना एकच, वैद्यकीय तपासणी एकच, उड्डाणाचे तास तेवढेच. राखीव जागेवरून आलेल्याला १५० तासांत परवाना मिळत नाही. मग या परीक्षेत बसण्याआधीची चाळणी कोणती? पन्नास लाखांची. ती चाळणी गुणवत्तेची नाही, बापाच्या खिशाची आहे. गुणवत्तावाल्यांनी तिच्याविरुद्ध कधी हॅशटॅग चालवल्याचे दिसले का? आणखी एक चाळणी बारावीच्या भौतिकशास्त्र-गणिताची. आमच्या सालेकसा-देवरीकडच्या कितीतरी मुलांना विज्ञान शाखा घ्यायची तर गाव सोडावे लागते. शिबिरातला तो मुलगा कला शाखेत होता, आवड म्हणून नाही, जवळच्या कॉलेजात तीच होती म्हणून. आणि २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे १३ आणि जमाती सुमारे १६ टक्के आहेत, म्हणजे ही दोन-चार घरांची गोष्ट नाही.

आणि एवढे सगळे ओलांडून कोणी आत गेलाच तर? जून २०२५ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीतल्या अनुसूचित जातीच्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाने अधिकाऱ्यांविरुद्ध ॲट्रॉसिटीची तक्रार दिली. तू विमान चालवायच्या लायकीचा नाहीस, जाऊन चपला शिव, असे आपल्याला म्हटले गेले, असा त्याचा आरोप आहे. कंपनीने आरोप फेटाळले. खरे-खोटे न्यायालय ठरवेल. पण बातमी वाचल्यावर आपल्यापैकी कोणाला आश्चर्य वाटले?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमाने हजारोंनी रद्द झाली, लोक विमानतळावर झोपले, ते सर्वांनी टीव्हीवर पाहिले. कारण काय होते? वैमानिकांच्या थकव्यामुळे अपघात होऊ नयेत म्हणून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्याचा आणि रात्रीची लँडिंग कमी करण्याचा नियम आला होता. कंपनीने पुरेसे वैमानिक तयार ठेवले नव्हते. नियम पाळता येईना तेव्हा सरकारने कंपनीला सूट दिली. देशातल्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकाच कंपनीकडे असले की असेच होणार, सरकार तिच्यापुढे वाकणार. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कारखाना कायद्यात दुरुस्ती आणून आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ केले. तेव्हाही कारखानदार ओरडत होते की उत्पादन बुडेल. लाखांनी पगार घेणाऱ्या वैमानिकालाही शेवटी त्याच तत्त्वाच्या आधाराला यावे लागले, की माणूस यंत्र नाही. त्यांना हे बाबासाहेबांचे वाटत नसेल, तरी ते आहे.

आणि एकीकडे वैमानिक कमी पडतात, दुसरीकडे अमरावतीला बेलोऱ्यात टाटांच्या एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था येते आहे, म्हणजे विदर्भात दोन-दोन ठिकाणी वैमानिक घडणार. बार्टी, समाजकल्याण खाते, राज्य सरकार यांनी या संस्थांत किती जागांचे पूर्ण शुल्क भरायचे, हे आज ठरवून घेतले नाही तर पुन्हा आपण खालून विमाने मोजत बसू. आमची मागणी साधी आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतली तासाला ५,००० ची मर्यादा काढा आणि संस्थेचे प्रत्यक्ष शुल्क द्या. डॉक्टर-इंजिनीअरचे शुल्क भरता, मग इथे हात आखडता का? आणि सरकारी जमिनीवर, सरकारी धावपट्टीवर जी संस्था चालते तिच्याकडून स्थानिक आणि राखीव जागा मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. संविधानाच्या कलम १५(५) ने खासगी शिक्षणसंस्थांतही प्रवेशात तरतूद करता येते.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, विमान हे भांडवलदारांचे खेळणे, आपण ॲट्रॉसिटी आणि घरकुल बघावे. आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेबांनी १९४२ ला विज्ञान-तंत्रज्ञान मागितले तेव्हा आपल्या लोकांच्या पायात वहाण नव्हती.

आणि तरुणांनो, जाहिरातींपासून सांभाळा. एअर होस्टेस, ग्राउंड स्टाफ, शंभर टक्के नोकरी, असे बोर्ड लावून शहरा-शहरांत वर्ग चालतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दागिने मोडून असे शुल्क भरले, मुलीच्या हाती एक गुळगुळीत प्रमाणपत्र आले आणि आज ती कापडाच्या दुकानात आहे. त्याउलट विमानतळ प्राधिकरण अजून सरकारी आहे, तिथे आरक्षण अजून आहे. कनिष्ठ कार्यकारी, हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणजे टॉवरमध्ये बसून विमानांना रस्ता देणारे पद. भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंग चालते. २०२५ मध्ये ३०९ जागा निघाल्या होत्या. अनुसूचित जाती-जमातींना अर्जाचे शुल्क नाही, वयात पाच वर्षांची सूट. लाख रुपयांचे प्रशिक्षण आधी भरावे लागत नाही, निवड झाल्यावर प्राधिकरणच देते. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी असते, इंग्रजी स्पष्ट बोलता आले पाहिजे, आणि तिथेच आपली मुले घाबरतात.

म्हणून गेल्या दिवाळीपासून आमच्या विहारात रविवारी सकाळी, वंदना झाल्यावर, तासभर मोठ्याने इंग्रजी वाचायचे ठरवले आहे. सध्या बी.एस्सी.च्या दोन मुली आणि एक मुलगा येतो. प्रश्न विचारणारा तो मुलगाही येतो, त्याने आता मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र आणि गणित द्यायचे ठरवले आहे. गणिताला शिकवणारे कोणी मिळत नाही. गोंदिया किंवा आमगाव परिसरात कोणी निवृत्त शिक्षक असतील, आठवड्यातून दोन तास देऊ शकत असतील, तर त्यांनी कळवावे. जयभीम.